दूरवरच्या लहान बंदरांवर गस्तीसाठी सरकारी नौका निवडताना काय पाहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकमेकांपासून लांब असलेल्या पाच-सहा लहान बंदरांवर गस्त घालायची आहे, खात्यासमोर ४० मीटर लांबीच्या आणि ३० नॉट (म्हणजे तासाला ३० सागरी मैल) वेगाच्या एका नौकेचा प्रस्ताव आहे, तो घ्यावा का? माझी नोकरी गस्ती नौकांच्या इंजिनरूममध्ये गेली. त्यामुळे माझं मत तिथूनच आलेलं आहे, हे धरून वाचा.

३० नॉट हा आकडा तूर्त बाजूला ठेवा. यादीतलं सगळ्यात अडचणीचं बंदर काढा आणि तिथल्या उधाणाच्या ओहोटीला किती पाणी उरतं ते बघा. माहितीपत्रकातला ड्राफ्ट, म्हणजे नौका पाण्यात किती खोल बसते तो आकडा, बऱ्याचदा हलक्या नौकेचा असतो. तुम्हाला हवा तो टाक्या पूर्ण भरलेल्या, सगळे खलाशी आणि सामान चढलेलं, आणि नौका ढकलणाऱ्या पंख्यांच्या (प्रोपेलरच्या) खालच्या टोकापर्यंत मोजलेला. त्यात आणखी दोन गोष्टी धरा. मुखाशी वाळूचा दांडा असेल तर लाटेच्या दोन शेंड्यांमधल्या खळग्यात नौका खाली बसते. आणि उथळ पाण्यात वेग वाढवला की तळाखालचा दाब कमी होऊन ती आणखी खाली ओढली जाते. म्हणजे कागदावर अर्धा मीटर पाणी शिल्लक दिसतं तिथे प्रत्यक्षात पंखा वाळूला लागू शकतो. शिवाय आत शिरल्यावर वळायला जागा आहे का? मासेमारी बोटींनी भरलेल्या बंदरात ४० मीटरची नौका फिरवायची म्हणजे बो-थ्रस्टर (नौकेचं पुढचं टोक आडवं ढकलणारा छोटा पंखा) लागतोच, आणि लहान होड्यांसाठी बांधलेल्या जेट्टीचे खुंटे तिचा ताण सोसतील की नाही, हेही कुणीतरी जाऊन बघायला हवं.

जिथे मोठी नौका आत जात नाही तिथे ती बाहेर नांगरून छोटी रबरी कडांची बोट आत पाठवतात. खरी तपासणी, पाठलाग, कागदपत्रं बघणं, आजारी माणूस उचलून आणणं हे सगळं ती बोटच करते. म्हणून मोठ्या नौकेच्या वेगापेक्षा मी हे विचारेन: दोन मीटरच्या लाटांत ही बोट किती वेळात पाण्यात उतरते आणि, त्याहून अवघड, परत कशी चढते? क्रेनने उतरवताना ती हेलकावे खाते, माणसांचे हात-पाय चेंगरतात. मागच्या बाजूच्या उतारावरून सोडायची सोय जास्त चांगली, पण ती मूळ आराखड्यातच हवी. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने आपल्या ११० फुटी नौकांना मागे असा उतार बसवण्यासाठी १३ फूट लांबी जोडली. नौकांचे सांगाडे वाकायला आणि तडकायला लागले, आणि २००६च्या नोव्हेंबरमध्ये अशा आठही नौका सेवेतून काढाव्या लागल्या. ‘आहे त्याच नौकेत थोडा बदल करून देतो’ असं कुणी म्हणालं की हे आठवा.

आता वेग. पाणी कापत जाणाऱ्या नौकेला ढोबळ मानाने वेग दुप्पट करायला आठपट ताकद लागते. तेच अंतर निम्म्या वेळात कापलं जातं, म्हणजे मैलामागे डिझेल साधारण चौपट. गस्तीचा बहुतेक वेळ १०-१२ नॉटवर जातो आणि ३० नॉटसाठी बसवलेली मोठी इंजिनं तासन्‌तास अशा कमी भारावर चालवली की आतून काजळी धरतात. पळणाऱ्याला गाठायला छोटी बोट आहे, रेडिओ आहे, पुढच्या बंदरातली माणसं आहेत. मोठ्या नौकेला माझ्या मते २० नॉट पुष्कळ झाले.

वाद मिटवायला एक खरं उदाहरण देतो. १९८७ ते १९९७ या काळात ऑस्ट्रेलियाने प्रशांत महासागरातल्या १२ देशांना २२ गस्ती नौका दिल्या. ३१.५ मीटर लांब, वेग सुमारे २० नॉट. त्या मुद्दाम साध्या ठेवल्या होत्या: व्यापारी जहाजांवर चालणारी, सहज मिळणारी यंत्रसामग्री वापरली, कारण शेकडो मैलांवरच्या बेटावर खास लष्करी सुटा भाग कोण आणून देणार? सोबत ऑस्ट्रेलियन नौदलाचे सल्लागार आणि तंत्रज्ञही त्या त्या देशांत राहिले. त्यातल्या कितीतरी नौका पंचवीस-तीस वर्षं चालल्या.

लहान बंदरातला रोजचा त्रास कसा असतो ते सांगतो. धक्क्याला लागताना तळाचा गाळ ढवळला जातो, आणि इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी जिथून आत घेतात त्या गाळणीत चिखल, शेवाळ, प्लास्टिकची पिशवी अडकते. तापमानाचा काटा चढतो, अलार्म वाजतो, एक इंजिन बंद करून गाळणी उघडावी लागते. ती अशा जागी असावी की एका माणसाला वाकून, पाचएक मिनिटांत, बोटं न सोलता साफ करता येईल. दोन गाळण्या आलटून पालटून चालवता आल्या तर फारच छान. वॉटरजेट (पंख्याऐवजी पाणी ओढून मागे फेकणारी यंत्रं) उथळ पाण्यात बरे, हे खरं, पण जाळ्याचा तुकडा किंवा वाळू ओढली की तेही अडकतात आणि कमी वेगाला डिझेल जास्त खातात. पिंपातून मिळणाऱ्या डिझेलमध्ये पाणी असणारच, तेव्हा पाणी वेगळं करणारी यंत्रणा हवीच. तळ पोलादी की ॲल्युमिनियमचा? मी पोलाद म्हणेन. जड असतं, गंजतं, पण पोलादाचा वेल्डर आडबाजूच्या बंदरातही सापडतो.

एकच नौका घेण्याला मात्र माझा विरोध आहे. ती डागडुजीला गेली की गस्त बंद. बंदरं एका दिवसाच्या अंतरात असतील आणि किनारा आडोशाचा असेल तर एकाच बनावटीच्या दोन लहान नौका घ्या. सुटे भाग सारखे आणि एकीचे खलाशी दुसरीवर चालतात. उघडा समुद्र असेल तर लहान नौकेत माणसं लाटांनीच थकून जातात, तिथे मोठी लागेल.

रंगाकडेही दुर्लक्ष करू नका. १९८२च्या सागरी कायद्याच्या कराराप्रमाणे परदेशी जहाजाचा तातडीचा पाठलाग युद्धनौकेखेरीज फक्त अशाच नौकेला करता येतो, जी स्पष्ट खुणांनी सरकारी सेवेत असल्याचं ओळखू येते आणि जिला तसा अधिकार दिलेला आहे. म्हणजे बाजूवरचा तिरका पट्टा आणि ठळक अक्षरं ही नुसती सजावट नाही, कायद्याला हवी असलेली ओळख आहे. निविदेत हे लिहा, आणि त्याच पानावर दोन वर्षांचे सुटे भाग, तुमच्याच माणसांचं प्रशिक्षण आणि पूर्ण भार घालून, खराब हवेत घ्यायची चाचणीही लिहा. शेवटचा हप्ता त्या चाचणीनंतर.