केशराच्या पाकळ्या वायाच जातात का?

प्रश्न: नोव्हेंबरच्या सुरुवातीला काश्मीरमध्ये पांपोरला, केशराच्या शेतांवर गेलो होतो. बायका जांभळ्या फुलांतून लाल काड्या वेचत होत्या आणि पाकळ्यांचे ढीग बाजूला पडत होते, बघून जीव हळहळला. त्या पाकळ्यांत औषधी काहीच नसतं का? आणि बायकोला सातवा महिना आहे, आई रोज केशरदूध देते, चालेल ना?

उत्तर: हळहळलात ते बरोबरच आहे. एका फुलात काड्या फक्त ३, म्हणजे १ ग्रॅम केशराला साधारण दीडशे फुलं लागतात, बाकी सगळं फूल बहुतेक ठिकाणी कचऱ्यात! काड्यांचा रंग क्रोसिन या रंगद्रव्यामुळे, कडवटपणा पिक्रोक्रोसिनमुळे, आणि तो वास सॅफ्रनालचा, जो मुख्यतः वाळवताना तयार होतो. पाकळ्यांत हे नगण्य, पण केम्फेरॉलसारखी फ्लेवोनॉइड्स आणि जांभळा रंग देणारी अँथोसायनिन्स भरपूर असतात, ही अँटिऑक्सिडंट्स आहेत. इराणमध्ये सौम्य ते मध्यम डिप्रेशनवर काड्यांच्या आणि पाकळ्यांच्याही अर्काच्या ट्रायल्स झाल्या, रोज ३० मिलिग्रॅम, फायदा दिसला, पण पेशंट थोडे आणि काळ काही आठवड्यांचाच, त्यामुळे चालू गोळ्या सोडून केशर घेऊ नका प्लीज.

बायकोला दुधात दोन-तीन काड्या चालतात, केशराच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, जास्त डोसने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. आणि रानात तशीच दिसणारी फुलं तोडून घरी चहा करू नका, केशरासारखं दिसणारं कोल्चिकम जीवघेणं विषारी असतं.