पत्ता बदलण्याआधी

('पोस्टमास्तरांना विचारा' : मोबाइल आणि इंटरनेटबद्दल वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका. बरीच वर्षं फेसबुकवर जात्यावरच्या ओव्या लिहिते, आईकडून आणि सासूबाईंकडून ऐकलेल्या. एक टाकली की खाली आटपाडीच्या, मेढ्याच्या, बार्शीच्या बायका आपापल्या आजीची ओवी लिहितात. पहिली ओळ तीच, शेवटची वेगळी. टोरांटोतली लेक म्हणते, आई, फेसबुक आणि व्हॉट्सअॅप एकाच कंपनीचं, दोन्ही बंद कर आणि सिग्नल या निरोपांच्या अॅपवर ये. धाकटा भाऊ म्हणतो, फेसबुकवर आता म्हातारेच उरलेत, तू इन्स्टाग्रामवर जा. काय करू? – एक वाचक, फलटण

उत्तर : बाई, लेकीचं अर्धं ऐका आणि भावाचं अजिबात ऐकू नका. इन्स्टाग्रामही त्याच कंपनीचं आहे, 2012 साली तिनं ते विकत घेतलं. तिथे फोटो आणि व्हिडिओ चालतात. ओवीखाली दुसरी ओवी लिहायला आटपाडीची बाई तिथे येईल असं मला वाटत नाही. मालक तोच राहिला आणि मैत्रिणी तेवढ्या गेल्या, यात तुमचा काय फायदा?

आता फेसबुक. तुमच्या पत्रातली मोलाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहून गेलात. तुमच्या ओव्या तुमच्या वहीत असतील, नसल्या तरी तोंडपाठ आहेत. तुमच्या पोस्टखाली बायकांनी लिहिलेल्या ओव्या मात्र दुसरीकडे कुठेच नाहीत. खातं बंद करण्याचा विचार त्या हाताशी आल्यावर.

फेसबुक आपली माहिती उतरवून घेऊ देतं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर, त्यात तुमची माहिती आणि परवानग्या असा विभाग, तिथून मागणी नोंदवायची. फाइल तयार झाली की कळवतात, आणि ती थोडेच दिवस ठेवतात, म्हणून कळल्याबरोबर उतरवून घ्या. हे मोबाइलवर करत बसू नका, ओळखीतल्या कोणाचा तरी संगणक घ्या. मागणी नोंदवताना दोन गोष्टी नीट बघा. कालावधीत 'ऑल टाइम' निवडा, नाहीतर ठरावीक काळाचंच हाती येईल. आणि फाइलचा प्रकार विचारतील तिथे एचटीएमएल निवडा, जेसन नको. जेसन हा प्रकार प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी आहे. फेसबुकच्या त्या फाइलमध्ये देवनागरीची वाट लागते : 'दळण' लिहिलेलं असतं तिथे टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांचा आणि खुणांचा गोळा दिसतो. जाणकार माणूस तो पुन्हा सरळ करू शकतो, पण त्या भानगडीत तुम्ही का पडावं?

एवढं करूनही जे येतं ते तुमचं. तुमच्या पोस्ट, तुमचे फोटो, तुम्ही इतरांकडे लिहिलेल्या कॉमेंट. तुमच्या पोस्टखाली दुसऱ्यांनी लिहिलेलं त्या गाठोड्यात येत नाही. कंपनीच्या लेखी ते त्या त्या बाईचं, आणि कायद्यानं बघितलं तर ते बरोबरच आहे. म्हणजे ओव्या हातानं उतरवाव्या लागणार. संगणकावर एकेक पोस्ट उघडा, सगळ्या कॉमेंट उलगडा (बऱ्याच 'आणखी पाहा'खाली दडलेल्या असतात) आणि पान पीडीएफ म्हणून साठवा. शिवाय एका वहीत ओवी, लिहिणारीचं नाव, तिचं गाव आणि तिनं ती कोणाकडून ऐकली ते लिहा. पुढे कुठे छापायचं झालं तर त्या बायकांना विचारा, आनंदानं हो म्हणतील.

गाव आणि नाव लिहा असा हट्ट का, तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यात गाणारणीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. म्हणून आज 'परी' या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर एखादी ओवी ऐकताना ती कोणत्या गावच्या कोणत्या बाईची ते कळतं. तुमच्या पोस्टखालचं धन त्याच जातीचं आहे, आकारानं लहान एवढंच.

हे काम पावसाळ्यात सुरू करा, दिवाळीपर्यंत संपेल. तोवर खातं डिलीट करायचं नाही. लेकीनं फारच धरलं तर मोबाइलवरून अॅप काढा आणि संगणकावरच उघडा. दिवसातून दहादा डोकावणं आपोआप थांबेल. नुसतं 'डीअॅक्टिव्हेट' केलं तर पुन्हा लॉगिन करून परत येता येतं. 'डिलीट' केल्यावर मात्र तीस दिवसांत मन बदललं तरच, त्यानंतर सगळं गेलं.

व्हॉट्सअॅपची गोष्ट निराळी. लेकीला भीती असेल की कंपनी निरोप वाचते, तर तसं नाही. 2016 पासून तिथले निरोप पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणाला वाचता येत नाहीत, आणि ती कुलूपपद्धत सिग्नलवाल्यांचीच आहे. फरक निरोपाबाहेरच्या माहितीत आहे : कोण, कोणाला, कधी. आम्ही टपालात याला पाकिटावरचा मजकूर म्हटलं असतं. सिग्नल ना-नफा संस्था चालवते आणि ती हा मजकूरही साठवत नाही. अमेरिकेत कोर्टामार्फत माहिती मागितली गेली तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांच्याकडे द्यायला होतं. तेव्हा लेकीच्या म्हणण्यात तथ्य आहे.

पण तुम्हाला 2021 चा जानेवारी आठवत असेल. व्हॉट्सअॅपनं नव्या अटी 8 फेब्रुवारीपर्यंत मान्य करा म्हटलं आणि एकच पळापळ झाली. इलॉन मस्क यांनी 'सिग्नल वापरा' एवढंच लिहिलं. इतकी माणसं धावली की सिग्नल जवळजवळ दिवसभर बंद पडलं. व्हॉट्सअॅपनं मुदत मेपर्यंत लांबवली, आणि तोवर माझ्या ओळखीतले निम्म्याहून जास्त लोक मुकाट्यानं परत आले होते, कारण दूधवाला, शाळा आणि लग्नाची पत्रिका तिकडेच होती.

यात लोकांची चूक नाही. फलटणहून टोरांटोला पत्र टाकताना कॅनडाचं टपालखातं वेगळं म्हणून कोणी अडवत नाही. 1874 साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नला देशोदेशीच्या टपालखात्यांनी एकमेकांची पत्रं पोचवण्याचा करार केला आणि 1876 मध्ये भारतही त्यात आला. तुमच्या व्हॉट्सअॅपवरून लेकीच्या सिग्नलवर निरोप जात नाही, कारण या कंपन्यांना असा करार करायला भाग पाडणारा कायदा आपल्याकडे नाही. युरोपात मात्र तसा कायदा आहे, तिथे डिजिटल मार्केट्स अॅक्टनं व्हॉट्सअॅपला दुसऱ्या अॅपसाठी दार उघडायला लावलंय. आपल्याकडे होईल तेव्हा होईल.

म्हणून लहान घोळका हलतो, मोठा हलत नाही. तुम्ही, यजमान, लेक, जावई आणि नात एवढ्यांनी सिग्नलवर जा, एका रविवारी काम होईल. शाळेचा, भिशीचा, नातेवाइकांचा ग्रुप व्हॉट्सअॅपवर राहू द्या. जाण्याआधी लेकीबरोबरची जुनी संभाषणं 'एक्स्पोर्ट चॅट'नं काढून ठेवा. फोटोंसह काढली तर शेवटचे दहा हजार निरोपच निघतात, फोटोंशिवाय चाळीस हजार. आणि सिग्नलमध्ये बॅकअप चालू करून द्यायचं काम लेकीचं. ते राहिलं आणि मोबाइल पाण्यात पडला, तर नातीचे फोटोही गेले.

प्रश्न : काका, मी हौशी पक्षिनिरीक्षक. ट्विटरचं एक्स झाल्यापासून तिथे मन रमत नाही. त्याच धर्तीच्या ब्लूस्कायवर जाऊ की मॅस्टोडॉनवर? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ज्या पंधरावीस जणांशी तू खरोखर बोलतोस ते कुठे गेलेत ते बघ आणि तिकडे जा. वैशिष्ट्यांचे तक्ते वाचत बसू नकोस. नोव्हेंबर 2019 मध्ये एका ज्येष्ठ वकिलांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर आपल्याकडची बरीच मंडळी रागानं मॅस्टोडॉनवर गेली होती. राग ओसरला तसे बरेच जण परतले. ट्विटरसारखंच 'कू' तर आपल्याच देशातलं, मराठीतही होतं. जुलै 2024 मध्ये तेही बंद झालं. मॅस्टोडॉनच्या बाजूनं एक सांगतो : ते वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरांचं जाळं आहे, आणि तिथे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना फॉलोअर बरोबर नेता येतात. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात.

तुझ्या बाबतीत याहून महत्त्वाचं म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी. अंबाझरी तलावावर कोणत्या तारखेला काय दिसलं हे गप्पांच्या जागी ठेवायचं नसतं. ते ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाक, तारीख, वेळ, जागा आणि संख्येसकट. तिथून तुझ्या सगळ्या नोंदी पुन्हा फाइल करून काढता येतात. मग गप्पा कुठेही मार.

प्रश्न : आमच्या सोसायटीचा ग्रुप व्हॉट्सअॅपवरून अरट्टईवर हलवावा असं कमिटीतल्या दोघांचं म्हणणं आहे. सर्वसाधारण सभेत ठराव आणावा का? – सचिव, डोंबिवली

उत्तर : ठराव आणाल, मंजूरही होईल. 2025 च्या सप्टेंबरात अरट्टईची लाट आली तेव्हा रोजची नोंदणी तीन हजारांवरून साडेतीन लाखांवर गेल्याचं ते काढणाऱ्या झोहो कंपनीच्या श्रीधर वेंबूंनी सांगितलं होतं. अॅप देशी आहे, हलकं आहे. मात्र त्या वेळी तिथे कॉलना कुलूप होतं आणि लेखी निरोपांना नव्हतं, म्हणून आज काय स्थिती आहे ते सेटिंगमध्ये बघून मग काय ते ठरवा. तसं पाहिलं तर पाणी उद्या दहाला बंद, या निरोपाला कुलूप कशाला हवं?

अडचण वेगळी आहे. दोन ग्रुप झाले की टँकरचा निरोप एकीकडे पडेल आणि भांडण दुसरीकडे. हलवायचंच असेल तर एक तारीख ठरवा, त्या दिवसापासून जुन्या ग्रुपवर फक्त अॅडमिनला लिहिता येईल असं करा, आणि देखभाल खर्चाची बिलं व सभेच्या नोटिसा फलकावर लावणं चालूच ठेवा. वॉचमन, लिफ्टवाला आणि तळमजल्यावरच्या आजी नव्या अॅपवर आल्याशिवाय जुना ग्रुप बंद करू नका.