पन्नास क्रियापदांचा तक्ता आधी बाजूला ठेवा

स्पॅनिशच्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही पन्नास क्रियापदं पाठ करायला बसलात, म्हणून कळकळीने सांगते: आधी सहाच घ्या. सेर आणि एस्तार (दोन्ही 'असणे'), तेनेर (जवळ असणे), इर (जाणे), आसेर (करणे), केरेर (हवं असणे). बोलताना हीच सारखी लागतात आणि नेमकी हीच नियमात बसत नाहीत. 'मी'ची रूपं तोंडात बसवा: सोय, एस्तोय, तेंगो, वोय, आगो, क्येरो. आब्लार (बोलणे) नियमित आहे. आब्लो (मी), आब्लास (तू), आब्ला (तो/ती) जमलं की तशी शेकडो जमतात.

खरी अडचण सेर आणि एस्तार. आपल्याकडे दोन्हींना 'असणे' एकच. 'सोय दे पुणे' म्हणजे मी पुण्याची, 'एस्तोय एन पुणे' म्हणजे आत्ता पुण्यात आहे. पण 'कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार' एवढ्यावर विसंबू नका. माद्रिद कुठे हलणार आहे? तरी 'माद्रिद एस्ता एन एस्पान्या'च. वस्तू, गाव, माणूस कुठे आहे हे सांगायला एस्तार.

आवडण्याचं मात्र आपल्याला आयतं मिळतं. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास अडखळतात. 'मला आंबा आवडतो' म्हणजे 'मे गुस्ता एल मांगो', 'आंबे आवडतात' म्हणजे 'मे गुस्तान लोस मांगोस'. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, अगदी मराठीसारखं. म्हणून इथे मनात इंग्रजी वाक्य आणूच नका, थेट मराठीवरून जा. आणि 'बोलतो-बोलते' हा भेद तिकडे नाही. बाई असो की पुरुष, दोघंही 'आब्लो'च म्हणतात.