केमो चालू असताना हिमोग्लोबिन: वाचकांचे प्रश्न

आईला स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो चालू आहे. तिसऱ्या सायकलनंतर हिमोग्लोबिन ११.४ वरून ९.१ वर आलं. रोज बीट-डाळिंबाचा रस देते, तरी वाढत नाही. माझं काय चुकतंय?

तुमचं काहीच चुकत नाही. बीट लाल असतं, एवढंच. शंभर ग्रॅम बीटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम, डाळिंबात त्याहूनही कमी. खरी अडचण हाडांच्या मगजात आहे. केमो तिथल्या रक्त बनवणाऱ्या पेशींनाही मारते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे घट एकदम दिसत नाही, सायकलगणिक उतरत जाते. आईंना नाचणी, राजगिऱ्याची भाजी, शिजवलेली उसळ, वर लिंबू द्या. चहा जेवणानंतर तासाभराने. मटण चालत असेल तर उत्तम, पण नीट शिजलेलं. आणि रसवंतीचा रस मुळीच नको! पांढऱ्या पेशी कमी असताना त्यातल्या जंतूंचा संसर्ग महागात पडतो.

माझं फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) ३८० आहे, म्हणजे लोह भरपूर. तरी डॉक्टर लोहाचं सलाईन घ्या म्हणतात.

कणगी भरलेली आहे, पण कुलूप घातलंय. कॅन्सरमुळे शरीरात दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. त्याने साठ्यातलं लोह अडकून पडतं, आतड्यातूनही नीट शिरत नाही. म्हणून गोळ्या फुकट जातात. शिवाय दाहामुळे फेरिटिन उगाच फुगतं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती लोह चढलंय, ते बघा. ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर डॉक्टरांचं म्हणणं रास्त आहे. मात्र ताप किंवा संसर्ग असेल तर आधी सांगा.

शेजारच्या पेशंटला रक्त वाढवायचं इंजेक्शन देतात, आम्हाला का नाही?

ते बहुधा एरिथ्रोपोएटिन, म्हणजे लाल पेशी बनवायला लावणारं संप्रेरक असावं. त्याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, काही अभ्यासांत रुग्णांचं आयुर्मानही घटलेलं दिसलं. म्हणून आजार पूर्ण बरा करायच्या हेतूने केमो चालू असेल तर ते टाळतात. गरज पडली तर रक्त चढवतात: सहसा हिमोग्लोबिन ७-८ च्या खाली गेलं की, किंवा धाप, छातीत दुखणं असेल तर त्याआधीही. एका पिशवीने साधारण १ ग्रॅम वाढतं.

वडिलांची केमो पुढच्या आठवड्यात सुरू होतेय. आतापासूनच फॉलिक ॲसिड देऊ का?

मनाने नको. कॅपेसिटाबीन या केमोच्या औषधाच्या जोडीला फॉलिक ॲसिड गेलं तर जुलाब आणि तोंड येणं वाढू शकतं. उलट केमोचं औषध पेमेट्रेक्सेड असेल तर ते द्यावंच लागतं, बी-१२ सकट. आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लोहाच्या तपासण्या, बी-१२ आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी) करून घ्या. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध मूत्रपिंडांना त्रास देतं, आणि रक्त बनवण्याचा हुकूम तिथूनच सुटतो. वडील घरी घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, अगदी ॲसिडिटीचीसुद्धा, पहिल्या भेटीला पिशवीत घालून न्या.