मीटिंगमध्ये कुणी ओळखीचं भेटलं तर?

दारू सोडायची म्हणून माझ्याकडे येणारे बरेच जण गोळ्या घ्यायला तयार असतात, वेळ पडली तर ॲडमिटही होतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, हे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेले गट. त्यांच्या मीटिंगचं नाव काढलं की मात्र घोडं अडतं. "तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर?" हे मला सतत विचारलं जातं. म्हणून एका सरांची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सर सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलला गणित शिकवायचे. आधी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. "हे शाळेत कधी पिऊन गेले नाहीत हो मॅडम. पण सुट्टी असली की सकाळीच सुरू." पुढच्या वेळी सर आले, तेव्हा त्यांना फॉर्मवर धड सही करता येत नव्हती, एवढे हात थरथरत होते. मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. देवापुढे शपथ घालून घरच्या घरी दारू सोडवू पाहणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, आधी डॉक्टरांना दाखवा.

औषधाने थरथर थांबली, झोप लागायला लागली. प्रश्न उरला संध्याकाळी सातचा. ती वेळ झाली की पाय आपोआप परमिट रूमकडे वळायचे. मी मीटिंग सुचवली, तर सर म्हणाले, "निम्मं गाव मला सर म्हणतं. एखाद्या विद्यार्थ्याचे वडील समोर बसलेले निघाले तर?"

ही भीती खोटी नाही. लहान गावात नाव जपावंच लागतं. मी एवढंच विचारलं, "ते वडील तिथे कशासाठी आले असतील, सर?" सर काही बोलले नाहीत. मग तिथली पद्धत सांगितली. हजेरीपट नाही, आडनाव विचारत नाहीत, फी नाही. चहाचा आणि जागेच्या भाड्याचा खर्च सभासदच आपापसात वर्गणी काढून करतात, बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. दारू थांबवण्याची इच्छा असली की झालं, दुसरी अट नाही. आणि पहिल्यांदा गावातच जा, असा नियम थोडाच आहे? पुण्यात जा.

सर गणिताचे. "याचा उपयोग होतो, याला पुरावा काय?" 2020 साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने या विषयावरच्या 27 अभ्यासांचा आढावा घेतला होता. एए आणि लोकांना एएशी जोडून देणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रचलित उपचारांपेक्षा सरस ठरले, असा त्याचा निष्कर्ष होता. हे ऐकून सरांनी माझ्या खोलीतूनच एएला फोन लावला. कोणत्या वारी, किती वाजता, मराठीत चालते ना, आणि मीटिंग खुली की बंद? खुल्या मीटिंगला घरचे, मित्र, कुणीही बसू शकतं. बंद मीटिंग फक्त ज्यांना पिण्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी. जागा चर्चच्या हॉलमध्ये निघाली आणि सर पुन्हा बिचकले. चर्चचा फक्त हॉल वापरतात. देव कुणी कसा मानायचा, हे ज्याच्या-त्याच्यावर सोडलेलं असतं.

पहिल्या मीटिंगहून सर नाराज होऊन आले. "एक गृहस्थ रडत होते. माझं काय काम तिथे?" मी म्हटलं, एका मीटिंगवरून ठरवू नका, दोन-तीन गट बघा. प्रत्येक गटाची माणसं वेगळी, बोलण्याची तऱ्हा वेगळी. दुसरा गट साताऱ्यात होता. मीटिंग शाळेच्या वर्गात भरायची. सर पोरांच्या बाकावर अंग चोरून बसले. कुणी बोलायचा आग्रह केला नाही. समोरचे एक जण म्हणाले, "बायको झोपली की मी बाटली पाण्याच्या टाकीमागून काढायचो." सरांची बाटली गच्चीवरच्या टाकीमागेच असायची. हे त्यांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

पुढे ज्याची भीती होती तेही झालं. एका संध्याकाळी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचे वडील आत आले. त्यांनी बाकावर जागा मागितली, "सर, जरा सरका." एवढंच. नंतर बाजारात भेटले तेव्हा नेहमीसारखा नमस्कार केला. मीटिंगचा विषय नाही.

चैत्रात गावची यात्रा आली. मटणाचं जेवण, पाहुणे, आणि सरांनी घेतली. दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्यांनी विद्यार्थ्याच्या त्याच वडिलांना फोन केला. "आज फक्त ऐकायला या," ते म्हणाले. सर गेले, आणि तेव्हापासून जातायत. घरच्या माणसांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे गट असतात. सरांच्या पत्नी आता तिथे जातात. सर प्यायले की नाही हे वास घेऊन तपासणं त्यांनी सोडलंय.

जवळपास गट नसेल तर मीटिंगा ऑनलाइनही होतात, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठीची सरकारी हेल्पलाइन 14446 आहे, फोन मोफत लागतो. पिणाऱ्याची तयारी नसली तरी घरच्यांनी लावायला हरकत नाही.