युद्धकाळातल्या चित्रांत सैनिकाची घरची ओढ इतकी भावुक का दाखवतात? खरे सैनिक असे असतात का?

माझे वडील फौजेत होते, गाव सातारा जिल्ह्यात. म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश पोस्टकार्डं बघा. यॉर्कशरमधल्या होमफर्थ गावची बॅमफर्थ कंपनी गाण्यांची कार्डं काढायची. रंगवलेल्या पडद्यापुढे माणसं बसवून फोटो घ्यायचा, खाली गाण्याच्या ओळी छापायच्या. शिपाई एकटा बसलाय आणि वर कोपऱ्यात, ढगात, त्याची बायको नाहीतर आई दिसतेय. आज ते नाटकी वाटतं, आणि आहेच.

पण त्याच शिपायाला सैन्याकडून दुसरं एक कार्ड मिळायचं. त्यावर वाक्यं आधीच छापलेली: मी खुशाल आहे, मला इस्पितळात दाखल केलं आहे, तुमचं पत्र मिळालं, बरेच दिवस तुमचं पत्र नाही. नको ती खोडायची आणि खाली फक्त सही-तारीख. याहून काही जास्त लिहिलं तर कार्ड नष्ट केलं जाईल, अशी ताकीदही वर छापलेली! मोठं पत्र लिहावं, तर ते आधी त्याचाच अधिकारी वाचणार. अशा माणसाने आठवण येते हे कळवायचं तरी कसं? त्याला ते ढगातल्या बायकोचं कार्डच जवळचं वाटलं असणार. मी त्याला खोटं म्हणणार नाही.

मला खटकतं ते त्या चित्रातलं घर. तिथे कुणाचं काही अडलेलं नसतं. फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांचे उतारे सेन्सॉरच्या दप्तरात राहिलेत. त्यांत शेत, पीक, पैसे, पोरांची लग्नं हेच पुन्हापुन्हा येतं. घरची ओढ खरी असली की ती अशी कामांना चिकटलेली असते.

आईने वडिलांची निळी इनलँड पत्रं जपून ठेवलीत, पत्ता ९९ एपीओचा, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाचा. 'आठवण' हा शब्द मला त्यांत कुठेच सापडला नाही. एका पत्रात जागा संपल्यावर त्यांनी कडेने, अगदी गोंदाच्या पट्टीपर्यंत बारीक अक्षरात लिहिलंय: 'पाऊस लागला असेल. मागच्या पडवीची कौलं अजून तशीच असतील तर पोरीचं अंथरूण तिथनं हलवा.'