वर्षानुवर्षं उभी गाडी: सेल्फ मारण्याआधी

वडिलांची १९९६ सालची मारुती ८०० रत्नागिरीजवळ गावी सात वर्षं शेडमध्ये उभी आहे. नवी बॅटरी आणलीय. सेल्फ मारून बघू का?

नको. बॅटरी तूर्त घरातच राहू द्या. इतक्या वर्षांत सिलिंडरच्या आतलं ऑईल ओघळून खाली गेलेलं असतं, आणि कोकणच्या दमट हवेत पिस्टनच्या रिंगा जिथे टेकल्यात तिथे गंज धरतो. सेल्फला त्याचं काय! तो जोर लावणार, रिंग मोडणार नाहीतर बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडे पडणार.

आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. उंदरांचा संसार तिथेच असतो. वायरीही कुरतडल्यात का बघा. मग स्पार्क प्लगच्या खळग्यातला कचरा फुंकून काढा, नाहीतर तो थेट सिलिंडरमध्ये जातो. तिन्ही प्लग काढून प्रत्येक भोकात चहाचा चमचाभर इंजिन ऑईल सोडा, वर फडकं टाका आणि एक रात्र जाऊ द्या. सकाळी गाडी न्यूट्रल करून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, सावकाश, दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे टणक अडलं तर तिथेच थांबा.

सुरळीत फिरलं, तर टायमिंग बेल्ट बदला. गाडी धावली नाही म्हणून रबर म्हातारं व्हायचं थांबत नाही. ऑईल आणि फिल्टर नवे घाला. आता बॅटरी जोडा, पण प्लग बाहेरच ठेवा. कॉइलची वायर आणि पेट्रोलचा पाइप काढून, पाइपाचं तोंड बंद करून थोडा थोडा सेल्फ मारा. ऑईलचा दिवा विझला की बेअरिंगपर्यंत ऑईल पोचलं असं समजा. त्यानंतर प्लग लावा.

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन पाना लावूनही हलत नाही. मेकॅनिक म्हणतो, तिसऱ्या गिअरला टाकून दुसऱ्या गाडीने ओढू. ओढावं का? (पुणे)

अजिबात नाही. आधी फॅनबेल्ट सैल करा. कधी कधी वॉटर पंप जाम असतो आणि बदनाम होतं इंजिन. तरीही हललं नाही, तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून प्लगच्या भोकांतून सोडा. ॲसिटोन भडकतं, आसपास विडीसुद्धा नको. आठवडाभर मुरू द्या, कमी झालं तर पुन्हा घाला, आणि रोज पाना दोन्हीकडे हलकेच झुलवून बघा. केसभर हललं तरी काम होणार! नाहीच हललं तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवा. या १०८९ सीसीच्या साध्या इंजिनाचं हेड उतरवणं हा काही मोठा उद्योग नाही. ओढून पिस्टन फोडण्यापेक्षा खूपच स्वस्त. आत ओतलेलं सगळं खाली ऑईलच्या चेंबरमध्ये झिरपतं, म्हणून ऑईल बदलल्याशिवाय सुरू मात्र करू नका.

टाकीत अर्धी टाकी जुनं पेट्रोल आहे. वरून नवं घातलं तर चालेल?

वास घेऊन बघा. वॉर्निशसारखा येत असेल तर विचारच नको, आणि येत नसला तरी काढून टाका. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. पहिल्यांदा सुरू करताना टाकीला बगल देऊन वेगळ्या कॅनमधून ताजं पेट्रोल द्या. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल जाण्याची बारीक भोकं) हवेच्या दाबाने साफ करा. तार घालू नका, भोक मोठं होतं. आताचं पेट्रोल ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं आहे, तेव्हा जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाचा पडदाही बदलून घ्या.

इंजिन सुरू झालं, पण धूर फार आहे.

निळा असेल तर आपणच घातलेलं ऑईल जळतंय, थोड्या वेळात कमी होतो. नाही झाला तरी शंभरेक किलोमीटर चालवल्याशिवाय इंजिन खोलायला काढू नका. चिकटलेल्या रिंगा पुष्कळदा चालता चालता सुटतात. पांढरा धूर, गोडसर वास आणि रेडिएटरचं पाणी घटतंय, असं तिन्ही एकत्र दिसलं तर हेड गॅस्केट गेलंय.

पण हे शंभर किलोमीटर ब्रेक उघडून बघितल्यानंतरचे. चाकांजवळचे ब्रेकचे व्हील सिलिंडर हमखास चिकटलेले असतात.

उभ्या गाडीचं इंजिन दर रविवारी पाच मिनिटं सुरू करावं का?

नको. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, आणि तयार झालेलं पाणी ऑईलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये तसंच राहतं. पंधरवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा. जमत नसेल तर सुरूच करू नका.